दुकानाची पाटी : तृतीयपंथीयांच्या रोजीरोटीचा इतिहास

माणसाची इज्जत त्याच्या रोजीशी बांधलेली असते, ही गोष्ट आपल्या समाजाला कुणी वेगळी शिकवायला नको. बागवान, तांबोळी, अत्तार, मण्यार, पिंजारी, मोमीन, कुरेशी, शिकलगार, मुलाणी ही आपली आडनावे म्हणजे धंद्यांचीच नावे आहेत. बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात आजही माणसाची ओळख सांगताना आधी त्याचे दुकान सांगतात, मग घर सांगतात आणि शेवटी नाव. दुकान असले की माणूस गावाच्या हिशेबात येतो. उधारी मागायला आणि उधारी द्यायला त्याच्या दारात लोक येतात.

मात्र या हिशेबात एक माणूस कधी धरलाच गेला नाही. बाळंतपणाच्या घरी तो येतो, लग्नाच्या मांडवात येतो, बाजारात दुकानांपुढे हात पसरतो आणि निघून जातो. त्याला आपण तृतीयपंथी म्हणतो, किन्नर म्हणतो आणि पाठीमागे आणखी काहीही म्हणतो. त्याने दुकानापुढे उभे राहावे हे आपल्याला चालते. दुकानात, गल्ल्यामागे बसावे हे मात्र आपल्या कल्पनेतही येत नाही. हे असे का झाले, आणि ते नेहमीच असे होते का, याचा शोध इतिहासात घ्यावा म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

दरबारापासून वतनापर्यंत

मध्ययुगीन इस्लामी राज्यांत ख्वाजासरांना मोठी पदे मिळत होती. १२९९ च्या गुजरात मोहिमेत खंबायतला हाती लागलेला मलिक काफूर 'हजार दिनारी' म्हणून ओळखला जाई. अलाउद्दीन खिलजीचा सेनापती म्हणून तो दख्खनेत आला आणि पुढे देवगिरीचा कारभारही त्याने पाहिला. अकबराच्या काळात खालसा महसुलाची विस्कटलेली घडी बसवण्याचे काम इतिमाद खान या ख्वाजासराकडे होते. औरंगजेबाच्या दरबारातील बख्तावर खानाच्या नावावर 'मिरात-उल-आलम' हा इतिहासग्रंथ आहे. मदिनेत मस्जिदे नबवीची आणि रौज्याची सेवा शतकानुशतके 'आगा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्वाजासरांकडे होती. त्या पवित्र जागेची राखण करणाऱ्यांना लोक अदबीने भेटत.

या इतिहासाचा अभिमान बाळगताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. यातील बहुतेकजण गुलाम म्हणून विकले गेलेले होते आणि लहानपणीच त्यांच्या शरीरावर क्रूर जुलूम झालेला होता. त्यांचा मान हा मालकाच्या मर्जीचा मान होता. मर्जी फिरली की मानही जाई. शिवाय दरबारातील ख्वाजासरा आणि गावोगाव फिरणारा हिजडा समाज, हे दोन वेगळे वर्ग होते. तरीही या इतिहासातून एक गोष्ट सिद्ध होते. जबाबदारीचे काम, हिशेबाचे काम, विश्वासाचे काम ही माणसे करू शकतात की नाही, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला नव्हता.

गावपातळीवरचे चित्र मराठी मुलखाच्या कागदपत्रांत दिसते. पेशवाईत हिजड्यांना गावांकडून ठरावीक हक्क घेण्याच्या सनदा मिळालेल्या होत्या. काहींना इनाम जमिनीही होत्या आणि हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत मुलाण्याचा जसा वाटा असे, तसाच काहीसा हा वाटा होता. त्याला आज कुणी भीक म्हणेल, पण त्या काळच्या भाषेत तो 'हक्क' होता. हक्क घेणारा मान वर करून येतो, भीक मागणारा मान खाली घालून येतो. बाकी फरक फारसा नाही, पण हा एवढा फरकच माणसाचे आयुष्य बदलून टाकतो.

कायद्याने काढून घेतलेली रोजी

इंग्रजी अमल आला आणि मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यांपुढे या सनदा आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारने धोरण ठरवले : असा हक्क वसूल करायला सरकार मदत करणार नाही आणि इनामे चेल्यांकडे चालू राहणार नाहीत. हातात होते ते असे एका पिढीत सुटले.

त्यानंतर फौजदारी कायदे आले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा दोन भागांत होता. पहिल्या भागात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय होती. दुसरा भाग 'यूनक' म्हणजे हिजड्यांसाठी होता. सुरुवातीला हा कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब यांना लागू झाला. संशयितांची नावे, राहण्याची ठिकाणे आणि मालमत्ता यांची नोंदवही पोलिसांनी ठेवावी, नोंदलेल्या व्यक्तीने बायकी वेश केला किंवा रस्त्यावर नाच-गाणे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप होते.

पण त्यातील एका कलमाकडे अभ्यासकांखेरीज फारसे कुणी पाहत नाही, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. नोंदलेल्या हिजड्याला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, अल्पवयीनाचे पालक होता येणार नाही. आता विचार करा. ज्याला वारस ठेवता येत नाही, त्याने दुकान थाटावे तरी कुणासाठी? आजच्या कमाईवर उद्याचे काही उभे राहणार नसेल, तर माणूस आजचे पोट भरण्यापलीकडे कशाला पाहील? हिजडे धंदा करीत नाहीत, मेहनत करीत नाहीत, असे आपण सहज बोलून जातो. त्यांना वेशाने कमावता येऊ नये, कलेने कमावता येऊ नये आणि कमावलेले पुढच्या पिढीला देताही येऊ नये, अशी तजवीज कायद्याने केली होती, हे आपण विसरतो. १९११ साली हा कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा हा दुसरा भाग गळाला, पण चाळीस वर्षांत बसलेला डाग कागदावरून पुसल्याने जात नाही.

आपल्या शेजारी निजामाच्या राज्यात तर उलटा प्रवास झाला. १३२९ फसली, म्हणजे १९१९ साली, हैदराबादेत याच धर्तीचा हिजड्यांविषयीचा कायदा झाला. नोंदवही, वेशाबद्दल बिगरवॉरंट अटक, सगळे तसेच. वऱ्हाड १८५३ पासूनच इंग्रजांच्या कारभारात होते, त्यामुळे बुलढाणा जिल्हा त्यातून सुटला. देऊळगाव राजाच्या पुढे जालन्याकडे मात्र निजामाची हद्द सुरू होत होती. हैदराबादचा हा कायदा पुढे तेलंगणात कागदावर राहिला. अखेर ६ जुलै २०२३ रोजी तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. एका मुस्लिम संस्थानिकाच्या राज्यात हा कायदा झाला होता. त्याला शरियतचा आधार नव्हता, इंग्रजी कायद्याचा होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आमचा स्वतःचा डाग

हे सारे आम्ही मुस्लिम मराठी वाचकांना मुद्दाम सांगत आहोत, कारण गुन्हेगार जमाती कायद्याची झळ आपल्याही माणसांना बसली आहे. छप्परबंद ही आपलीच एक बिरादरी. नावच सांगते की घरे शाकारणे हा तिचा धंदा. खोटी नाणी पाडणारी जमात म्हणून सरकारने तिला गुन्हेगारांच्या यादीत टाकले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून अशा जमाती मुक्त झाल्या आणि आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत. गुन्हेगार म्हणून जन्मण्याचा अर्थ काय, हे त्या बिरादरीतील वडीलधाऱ्यांना विचारावे.

आणखी एक उदाहरण. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेले होते. त्या ग्रंथात अत्तारांची नोंद आहे, पिंजाऱ्यांची आहे, मण्यारांची आहे आणि त्याच ओळीत हिजड्यांचीही आहे. साहेबाच्या नजरेत हे सगळे सारखेच कुतूहलाचे विषय होते. पिंजाऱ्याला तेव्हा गावात फारसा मान नव्हता. खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि यंत्रे आली तशी हाताने कापूस पिंजणाऱ्यांची कमाई आटली. तरी या बिरादऱ्यांतील माणसांनी गाद्यांची दुकाने काढली, बांगड्यांची दुकाने काढली, अत्तराच्या पेट्या घेऊन यात्रा-उरुस गाठले. हळूहळू हेटाळणीचे नाव पाटीवर आले आणि पाटीवर आल्यावर ते आडनाव झाले. डाग असा पुसला जातो. पण त्यासाठी दुकानाला जागा देणारा, माल उधार देणारा आणि उंबरठा ओलांडून आत येणारा गिऱ्हाईक लागतो. हे तिघे आपल्याला मिळाले. तृतीयपंथीयांना ते मिळाले नाहीत.

शरियत काय म्हणते

येथे काही वाचक विचारतील की यात दीनचा प्रश्न येत नाही का? येतो, आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. हनफी फिक्हच्या 'हिदाया' या ग्रंथात खुन्साचे, म्हणजे ज्याचे लिंग स्पष्ट नाही अशा माणसाचे, स्वतंत्र प्रकरण आहे. नमाजाच्या सफीत त्याने कुठे उभे राहावे, वारशात त्याचा हिस्सा किती, याची चर्चा तेथे आहे. हिस्सा किती यावर मतभेद आहेत. हिस्सा आहे की नाही यावर मात्र नाहीत. बाराव्या शतकातील फकिहाने ज्याला सफीत जागा आणि तरक्यात वाटा दिला, त्याला एकोणिसाव्या शतकातील साहेबाने मृत्युपत्राचाही हक्क नाकारला. आपण कुणाची परंपरा चालवत आहोत?

पाकिस्तानात २००९ साली ख्वाजासरांच्या हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करणारे डॉ. मुहम्मद असलम खाकी हे इस्लामी कायद्याचेच जाणकार होते. त्या खटल्यातून त्यांच्या ओळखपत्राचा आणि वारशाचा प्रश्न पुढे आला. तेथेही पुढे मतभेद वाढले आणि मे २०२३ मध्ये फेडरल शरियत कोर्टाने २०१८ च्या कायद्यातील काही कलमे रद्द केली. समलिंगी संबंधांबद्दल उलेमांची भूमिका कडक आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईकाने दुकानदाराच्या मालाची पारख करावी, त्याच्या मापाची पारख करावी. दुकानदाराच्या अंतरंगाचा हिशेब घेणारा वेगळा आहे.

हाताच्या कमाईबद्दल तर आपल्याकडे दुमत नाहीच. स्वतःच्या हाताने कमावलेल्या घासापेक्षा चांगला घास नाही आणि दाऊद अलैहिस्सलाम आपल्या हाताच्या कमाईवर जगत, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. दोरी घेऊन लाकडाची मोळी आणावी, विकावी, पण लोकांपुढे हात पसरू नये, या अर्थाचीही आहे. हजरत खदीजा व्यापार करीत होत्या, इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. जुम्म्याच्या बयानात आपण हे ऐकतो. मग भीक सोडून मोळी विकू पाहणाऱ्या माणसाकडून आपण मोळी घेणार की नाही?

बदलाची चार पावले

मागील काही वर्षांत चित्र थोडे हलले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ हटले. हिजडा समाज निदान डोळ्यांना दिसत तरी होता. समलिंगी माणसे आपल्याच घरांत, आपल्याच दुकानांत गप्प राहून जगत होती आणि कुणाला कळले तर धंदा बुडेल या भीतीने धमकावणाऱ्यांचे खिसे भरत होती. त्या भीतीची कायद्याची बाजू तरी संपली. २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. शिक्षण, नोकरी, व्यवसाय यांबरोबरच घर किंवा जागा भाड्याने घेण्यातही भेदभाव करण्यास त्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली आणि चौदाव्या कलमाने स्वयंरोजगाराला साह्य देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

प्रत्यक्षात काय घडले? मार्च २०२३ मध्ये मुंबईत प्रभादेवीला 'ट्रान्स्फॉर्मेशन' नावाचे सलून सुरू झाले. झैनब पटेल या तृतीयपंथी कार्यकर्तीने ते काढले आणि तेथे काम करणारे सातजण तृतीयपंथी होते. डॉइश बँक आणि रोटरी क्लब ऑफ बॉम्बे यांची मदत त्यामागे होती. गिऱ्हाईक मात्र कुणीही असावे, स्त्री असो, पुरुष असो, असे धोरण ठेवले गेले. हे धोरण फार शहाणपणाचे आहे. केस कापून घ्यायला बसलेला माणूस आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो. ज्याच्या स्पर्शाला समाज टाळतो, त्याच्या हाती मान देऊन माणूस खुर्चीत अर्धा तास बसला, तर उठताना तो पूर्वीचा राहत नाही. शंभर व्याख्यानांनी जे होत नाही ते एका खुर्चीने होते.

याउलट कोचीचा अनुभव पाहा. २०१७ साली कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना नोकऱ्या देऊ केल्या. देशभर कौतुक झाले. काही आठवड्यांतच त्यांतील आठजणांनी काम सोडले, कारण परवडेल अशी खोली त्यांना कुणी भाड्याने देईना. पगार होता, गणवेश होता, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. सरकार नोकरी देऊ शकते, घरमालकाचे मन देऊ शकत नाही. ते शेजाऱ्यालाच द्यावे लागते.

खेड्यात हे होईल का? शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील भादलीचे उदाहरण आहे. अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज आधी नाकारला गेला, औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढू दिले आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिले. साहित्यातही श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख यांनी 'कुरूप' हा कवितासंग्रह मराठीला दिला. मत देणारे गाव आहे, कविता वाचणारे वाचक आहेत. मग किराणा, शिवणकाम, मेहंदी, चहा, बांगड्या यांचे दुकान चालायला हरकत काय?

पैशाची अडचण मोठी आहे, पण सगळी वाट बंद नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या २०२२ च्या सुधारित सूचनांत तृतीयपंथीयांना विशेष वर्गात धरले आहे. त्या सूचनांप्रमाणे ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. उरलेले बँकेचे कर्ज. व्याजाच्या कारणाने ज्यांना ती वाट नको असेल त्यांच्यासाठी आपल्याकडे कर्जे हसनाची परंपरा आहे, बैतुलमाल आहेत. विधवेला शिवणयंत्र घेऊन देणारी जमात तृतीयपंथीयाला शिवणयंत्र का देऊ शकत नाही, याचे उत्तर कुठल्याही किताबात सापडणार नाही.

वारशाचा जुना प्रश्नही उभाच आहे. १९९० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे एका मृत तृतीयपंथीयाच्या घराचा वाद आला आणि न्यायालयाने गुरू-चेल्याच्या रूढीला मान्यता दिली. म्हणजे परंपरा टिकली, पण व्यक्तीला आपली कमाई मनाप्रमाणे देण्याचे स्वातंत्र्य आकुंचित झाले. दुकान काढणाऱ्या प्रत्येकाने जागेचा करार, परवाना आणि बँकखाते आपल्या नावावर आणि ओळखपत्राशी जुळते ठेवावे, वारसाचे कागद वेळीच करावेत. १८७१ साली जो कागद काढून घेतला होता, तो आता हाती आहे. त्याचा उपयोग झाला पाहिजे.

दुकान काढले म्हणजे सारा कलंक संपला, असे आम्ही म्हणत नाही. आणि जो कमावू शकत नाही, आजारी आहे, म्हातारा आहे, त्याची इज्जत कमी, असेही आम्ही मानत नाही. इज्जत जन्माने मिळालेली आहे, अल्लाहने आदमच्या साऱ्या औलादीला ती दिली आहे. दुकान फक्त इतकेच करते की ती इज्जत रोजच्या व्यवहारात दिसू लागते. मागणारा येतो तेव्हा आपण नाणे देऊन त्याला घालवतो. दुकानदाराकडे आपण स्वतः जातो, भाव विचारतो, घासाघीस करतो, 'उद्या देतो' म्हणतो. त्याने 'हरकत नाही' म्हटले की आपण त्याचे देणेकरी होतो. ज्याचे आपण देणे लागतो त्याला हिणवणे अवघड असते.

पिंपळगाव राजाच्या बाजारात असा एखादा गाळा उद्या उघडला, तर त्यावरची पाटी वाचून आपण पुढे जाणार की आत जाणार, हे ठरवण्यासाठी कुठल्या न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही. गाळा ज्याचा आहे त्याने भाड्याला नाही म्हणू नये, ठोक व्यापाऱ्याने माल रोखू नये आणि आपण पहिल्या दिवशी पावशेर साखर तरी घ्यावी. आपल्या वाडवडिलांच्या पाट्याही गावाने अशाच वाचल्या होत्या.